निरोप घेणारं प्रथिन

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी तापाची नोंद ठेवायला छापील तक्ता दिलाय. रकाने पाच: तारीख, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, कुठे दुखतं, काय घेतलं. पहिली ओळ भरली आणि पेन हातातच राहिलं. जे लिहावंसं वाटत होतं ते एकाही रकान्यात बसेना. म्हणून ही वही. ही त्यांना दाखवायची नाही.

वय एकेचाळीस. चष्म्याच्या काचा घासते. कारखाना म्हणायचा इतकंच, माणसं चार आणि यंत्रं तीन. सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून मला दर पाच-सहा आठवड्यांनी ताप येतो. आला की दहा-बारा दिवस मुक्काम. पोट आवळून येतं, डोळ्यांभोवती सूज चढते, दंडावर लाल चट्टा उठतो आणि दिवसागणिक खाली सरकत मनगटापर्यंत जातो. आजवर त्याला टायफॉईड म्हणून झालं, मलेरिया म्हणून झालं, मनाचे खेळ म्हणून झालं. मधे अपेंडिक्स काढून टाकलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

बाबांनाही असाच यायचा. ते रंगारी होते, लोकांची घरं रंगवायचे. अर्ध्या भिंतीवर ब्रश ठेवून घरी यायचे आणि पांघरूण ओढून पडायचे. आमच्या भागात त्यांना 'अर्धभिंत' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन गेले.

हे सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वडिलांचं परत सांगा. सावकाश." मी सांगितलं. सांगताना लक्ष त्यांच्या चष्म्याकडे होतं. डावी काच फ्रेममध्ये नीट बसलेली नव्हती. रक्ताच्या चार नळ्या घेतल्या त्यांनी.

१९ जानेवारी

आला. ठरल्या वेळी, पाहुण्यासारखा. सकाळी १०१, संध्याकाळी १०३. तक्त्यात लिहिलं.

२२ जानेवारी

आता लिहिते ते कुणी वाचलं तर मला वेड्यात काढतील. मला ताप आवडतो. सगळा नाही. पहिले दोन दिवस जीव नकोसा होतो. पण तिसऱ्या दिवशी दुपारी, आई बाहेर कपडे वाळत घालत असते तेव्हा, दुखणं जरा खाली बसतं आणि खोली हळूहळू मोठी व्हायला लागते. भिंती मागे सरतात. कपाट लांब जाऊन खेळण्यातल्या कपाटाएवढं होतं. खिडकीतून येणारं ऊन पाण्यासारखं हलतं आणि त्यातली धूळ वर जात राहते, खाली येतच नाही. आईच्या चिमट्यांचा आवाज मैलभर लांबून येतो.

मग वर बघायचं. बाबा शिडीवर असतात. छताला रंग देत असतात. कुठला रंग ते मला सांगता येणार नाही. सकाळी झोपेतून उठताना डोळे मिटलेलेच असतात आणि पापण्यांच्या आत जो असतो, त्याच्या जवळचा. थेंब गळतात पण माझ्यापर्यंत पोचत नाहीत.

"बाबा, जरा दम खा," मी म्हणते.

"हा एवढा हात झाला की उतरतो," ते म्हणतात.

त्यांचा तो हात कधी संपत नाही. मी बघत पडून राहते. जागेपणी ते गेले ते गेले, पण तापात आहेत. दर पाच-सहा आठवड्यांनी, दोन-तीन दुपारी.

२४ जानेवारी

सूज उतरतेय. वहिनीचा फोन आला होता आईला. दादाशी आमचं बोलणं जवळजवळ नाही, पण वहिनी दर रविवारी तो कामावर असताना करते. आई सांगत होती, ठकीची शाळा परत बुडली. ठकी म्हणजे दादाची मुलगी, आठ वर्षांची. बाळपणी लाकडी बाहुलीसारखी बसवली तिथे बसून राहायची, म्हणून ठकी. परीक्षा जवळ आली की पोट दुखतं म्हणते. दादा म्हणतो नाटकं आहेत. लहान मुलं करतातच तसं.

२ फेब्रुवारी

कामावर गेले. माझ्या टेबलावर अठरा जोड काचा तशाच होत्या. मालक म्हणाले, "तुमचं काम कुणाला हात लावू दिलं नाही मी." म्हणजे सगळं साचवून ठेवलंय. शिवाय माझं स्टूल कुणीतरी खिडकीजवळ हलवलंय. विचारलं तर म्हणाले, तिथे उजेड बरा असतो. त्यांची स्वतःची जागा होती ती. आता ते कोपऱ्यातल्या दिव्याखाली डोळे बारीक करून बसतात. कमाल आहे.

१८ फेब्रुवारी

रिपोर्ट आला.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. "हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत," पहिलं वाक्य हे. चौतीस वर्षं थांबले होते या वाक्यासाठी, आणि ऐकल्यावर काय करायचं ते सुचेना. म्हटलं, "बरं."

मग त्यांनी समजावलं. आपल्या पेशींच्या अंगावर बारीक बारीक प्रथिनं असतात. त्यातलं एक निरोप घेण्यासाठी असतं. रिसेप्टर म्हणतात. रिपोर्टवर त्याचं नाव आहे: टीएनएफ रिसेप्टर, क्रमांक एक. शरीरात जंतू शिरला, इजा झाली, की रक्तातून निरोप सुटतो, पेटवा म्हणून. हे प्रथिन तो निरोप घेतं आणि आत पोचवतं. सूज येते, ताप चढतो. हे व्हायलाच हवं, त्याशिवाय माणूस जगणार नाही.

"पण निरोप पोचवून झाला," त्या म्हणाल्या, "की त्याने पेशीवरून सुटून जायचं असतं. सुटून रक्तात गेलं की उरलेसुरले निरोप तेच शोषून घेतं. मग आग विझते."

"आणि माझं?"

"तुमच्याकडे त्याची घडीच चुकली आहे. ते पेशीच्या आत अडकून बसतं. सुटत नाही. निरोप नसला तरी आतल्या आत पेटवत राहतं."

मी जरा विचार केला. "म्हणजे त्याने आधी निरोप घ्यायचा आणि मग निरोप घ्यायचा. माझ्याकडचं पहिलं करतं, दुसरं करत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "हे मला कॉलेजात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं."

त्यानंतरचं मात्र सोपं नव्हतं. वर्षानुवर्षं पेटत राहिलं की एक प्रकारचा गाळ तयार होतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. बाबांचं तेच झालं असणार. माझ्या लघवीत किंचित खूण दिसतेय. किंचितच. औषध आहे, रोज पोटावर एक छोटी सुई. ताप येणंच बंद होईल, गाळ थांबेल.

"येणंच बंद?" मी विचारलं.

"हो. आता पडून राहायला नको."

त्यांना वाटलं मी आनंदाने गप्प झालेय.

निघताना म्हणाल्या, "तुमच्या भावाला कळवा. त्यांना आणि त्यांच्या मुलांना तपासायला हवं. निम्मी शक्यता असते."

"दादाला कधी शिंक आलेली मी बघितली नाही."

"ठणठणीत माणसाकडूनही पुढे जाऊ शकतं."

१९ फेब्रुवारी

आईला रिपोर्ट समजावला. निरोप, घडी, गाळ, सगळं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे त्यांना खरंच दुखायचं?"

"हो."

मग तिने निवडून झालेली भाजी परत पहिल्यापासून निवडली. तिला नीट समजलं नाही बहुतेक. परत एकदा सांगेन.

२१ फेब्रुवारी

दादाला फोन केला नाही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे निदान स्वतःशी तरी खोटं नको. दादा मालगोदामात पाळीप्रमुख आहे. हजेरी घेणं हे त्याचं काम, आणि त्याचा स्वभावही तोच. कोण आला, कोण नाही आला, कोण बहाणे करतं. तो सोळा वर्षांचा असताना, बाबा तापाने पडले की शाळेनंतर जाऊन त्यांच्या राहिलेल्या अर्ध्या भिंती रंगवायचा. लोकांची बोलणी खायचा. हे मला मान्य आहे. पण बाबांना शेवटचं रुग्णालयात भरती केलं, नळ्या लावल्या, तेव्हा तो पलंगाशी उभा राहून म्हणाला, "आता तरी खरं बोला." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. दादा त्याच संध्याकाळी परत गेला आणि चार दिवसांनी आला तो सगळं आटोपल्यावर.

नऊ वर्षांत आम्ही तीनदा बोललो असू. आता मी फोन करून काय सांगू? तुझं चुकलं, हा घे लेखी पुरावा? खरं सांगायचं तर मला तेच सांगायचंय, आणि ते इतकं सांगावंसं वाटतंय म्हणूनच फोन उचलवत नाही.

२६ फेब्रुवारी

औषध मिळालं. नर्सने सुई कशी टोचायची ते दाखवलं. खोका फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवलाय. उघडलेला नाही.

आई विचारते, कधीपासून. म्हटलं, सोमवारपासून. सोमवार गेला तरी विचारेल तेव्हा परत सोमवारच सांगेन.

गाळाची भीती वाटत नाही असं नाही. काल कारखान्यात एका काचेला पॉलिश करताना मनात आलं, मीही अशीच आतून गढूळ होत असेन. पण एक फेरी, एकच, होऊन जाऊ दे. बाबांना सांगायचं राहिलंय की तुम्हाला खरंच दुखायचं हे आता कागदावर आहे.

१ मार्च

१०२.४. वेळेवर.

३ मार्च

दुपार. अजून तापातच लिहिते.

खोली मोठी झाली होती. पडदे फुगून तसेच थांबले होते, श्वास धरून ठेवल्यासारखे. बाबा शिडीवर. मी म्हटलं, "बाबा, रिपोर्ट आला. तुमची काही चूक नव्हती. एक प्रथिन आहे, ते सुटतच नाही." ते वळलेच नाहीत. ब्रश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. "हा एवढा हात," म्हणाले. मी तेच परत सांगितलं, मोठ्याने. ते तेच म्हणाले. तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं त्यांनी माझ्या एकाही बोलण्याला उत्तर दिलेलं नाही. ते एक वाक्य आहे आणि मीच ते म्हणत असते.

आणि त्या मोठ्या झालेल्या खोलीत, फार लांबून, आईचा आवाज आला. वहिनीशी बोलत होती. "डोळा सुजलाय? चावलं असेल काहीतरी. आणि हातावर? लाल? सरकतोय म्हणजे कसा?"

सरकतोय.

खोली एकदम खोलीएवढी झाली. पाय जमिनीवर ठेवले, भिंत धरून गेले आणि आईच्या हातातून फोन घेतला. "वहिनी, दादाच्या गोदामाचा नंबर दे."

दादा फोनवर आला तो 'हॅलो' न म्हणता, नुसतं आडनाव सांगत. मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, "आई?"

"आई बरी आहे. ठकीला डॉक्टरकडे ने. उद्याच. तिला नाटकं म्हणू नकोस."

"तुला कुणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. तापात होते, उलटसुलट सांगितलं असेल. बाबांचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं, तरी काढलं. पलीकडे माल चढवण्याचे आवाज येत होते. मग म्हणाला, "म्हणजे आता मुलगी आजारी पडली त्यालाही आपलंच घराणं जबाबदार."

"जबाबदार कोणी नाही रे. औषध आहे त्याला."

"तू घेतेस?"

मी फ्रिजकडे बघितलं.

"घेतेस का नाही?"

"फ्रिजमध्ये आहे."

"मग मला कशाला शिकवतेस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फ्रिज उघडला. आईने विचारलं, "आज सोमवार आहे का?" म्हटलं, "हो." सुई फार बारीक आहे. थंड लागतं, मग जरा चुरचुरतं.

४ मार्च

सकाळी ९९. दुपारी ताप नाही. पोट हलकं.

छताकडे बघत पडले. कोपऱ्यातून दिव्यापर्यंत एक तडा आहे. इतक्या वर्षांत दिसला नव्हता.

१० मार्च

तक्त्यात तापाच्या दोन्ही रकान्यांत फुल्याच फुल्या. डॉक्टरीणबाई खूश होतील. मी कामावर जाते, काचा घासते, घरी येते, जेवते, झोपते. सगळ्या गोष्टी आपापल्या अंतरावर असतात. मी दोनदा रडले, कारण नव्हतं. दादाचा फोन नाही.

१४ मार्च

आज सकाळी दारात दादा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ठकी. केस पांढरे झालेत त्याचे. "चार तास बसमध्ये ओकत होती," म्हणाला. एवढंच. तिला खाली ठेवलं आणि जिन्यातच उभा राहिला. आत बोलवल्याशिवाय येईना. आईने पाणी दिलं, तेही दारात उभ्याने प्यायला.

ठकीला माझ्या पलंगावर झोपवलं. डावा डोळा सुजून मिटलेला. दंडावरचा चट्टा कोपरापर्यंत आलेला. मी माझी बाही वर करून दाखवली. "माझाही इथूनच जायचा."

तिने उघड्या डोळ्याने नीट तपासणी केली. "तुला कुणी रागवायचं?"

"शाळेत रागवायचे."

"आत्या, तुझ्या भिंती लांब जातात का?"

"जातात. तुझ्याही?"

"भिंती जातात आणि पलंगाची होडी होते. खाली पाणी असतं पण काळं नसतं. मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर बाबा म्हणतील, बघा, नाटकं." तिने चादर ओढून घेतली. "तुझ्या सुईने होडी जाते?"

खोटं बोलावंसं वाटलं. "जाते."

"मग काय राहतं?"

"शाळा राहते."

तिने यावर गंभीरपणे विचार केला. "पोटात दुखणं पण जातं?"

"ते पहिलं जातं."

"मग जाऊ दे होडी," ती म्हणाली आणि झोपली.

वळले तर दादा खोलीच्या दारात होता. कधी आला कोण जाणे. पिशवी अजून खांद्यावर. मी म्हटलं, "खाली ठेव की ती." त्याने पिशवी ठेवली आणि मग तिच्याशेजारी तोही जमिनीवरच बसला. प्रवासाने थकला असावा.

१६ मार्च

दोघांचं रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याची डावी काच नीट बसलेली नाही हे मी दादाच्या कानात सांगितलं. त्याला हसू आलं, त्याने ते दाबलं. लहानपणी पाहुण्यांसमोर आम्ही असंच करायचो.

सध्या ठकीला दुसऱ्या गोळ्या देऊन ताप उतरवलाय. ती आमच्याकडेच राहणार. दादा कामासाठी परत जातोय. रविवारची पाळी बदलून घेऊन दर रविवारी येईन म्हणाला, कधी वहिनीही येईल. आईचा रविवारचा फोन सुटणार म्हणून तिला आत्तापासूनच चुकल्यासारखं होतंय.

२० एप्रिल

दोघांचाही रिपोर्ट तसाच. घडी चुकलेली. ठकीची आणि दादाचीही. त्याला आयुष्यात कधी ताप आला नाही, पण ते त्याच्यातही आहे, आणि तिला मिळालं ते त्याच्याकडून.

डॉक्टरीणबाई दादाला सांगत होत्या, तुमची लघवी तपासली, स्वच्छ आहे, वर्षातून एकदा दाखवा, मुलीला सुई सुरू करू, अगदी वेळेत आणलीत. दादाने विचारलं, "मला का नाही आला?"

"सगळ्यांना येत नाही. का ते अजून आम्हालाही नीट माहीत नाही."

"पण अंगात तेच आहे."

"तेच आहे."

येताना तो दोन स्टॉप आधीच उतरला. चालत येतो म्हणाला. घरी पोचायला तीन तास लागले. शूज रंगाच्या धुळीने पांढरे झाले होते. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, जुन्या गल्ल्यांत एक-दोन घरं बघायची होती, आहेत की पाडली. आहेत म्हणाला. एकात लोकांनी परवानगी दिली, आत जाऊन भिंत बघून आला. घर घ्यायचा विचार आहे की काय त्याचा, आईजवळ राहायला यायचा? बरं होईल.

२ मे

ठकीला सुई आता दादाच टोचतो, आला की. हात स्थिर आहे त्याचा. "लागलं?" तो विचारतो. "लागलं," ती म्हणते. "किती?" "खरंच सांगू?" "खरंच सांग." मग ती बोटांनी माप दाखवते आणि तो ते मान हलवून घेतो.

माझी तारीख येऊन गेली. मी कारखान्यातच होते, लक्षातही आलं नाही. संध्याकाळी मालक म्हणाले, "या खेपेला आजारी पडला नाहीत." त्यांना तारखा कशा पाठ, देव जाणे.

९ मे

ठकी जूनपासून परत शाळेत जाणार. शाळेला गैरहजेरीबद्दल पालकांचं पत्र हवं होतं. दादा सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेच लिहीत होता. चार कागद फाडले. हजेरीचे कागद रोज लिहिणारा माणूस, आणि एवढं पत्र जमेना. शेवटी माझ्यासमोर धरलं. "चुका बघ."

चुका होत्याच. मी पेन्सिल घेतली. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'हा कामचुकारपणा नव्हता.' म्हटलं, शाळेत काम कसलं, अभ्यास लिही. पुढे लिहिलं होतं, 'ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच दुखत होतं. मी विश्वास ठेवला नाही.' मी 'ते'चं 'ती' केलं, 'नव्हते'चं 'नव्हती', 'त्यांना'चं 'तिला'. म्हटलं, आठ वर्षांच्या पोरीला अहो-जाहो कशाला, बाईंना वाटेल कुणा आजोबांसाठी लिहिलंय.

तो हसला नाही. कागदाकडे बघत राहिला. व्याकरण त्याचं पहिल्यापासून कच्चं. मग त्याने दुसरा कागद घेतला आणि माझ्या दुरुस्त्यांसकट स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. पहिला मी चुरगळणार होते, तर आई म्हणाली, "तो मला दे."

"चुकीचा आहे तो, आई."

"असू दे."

खिडकीशी बसून ती तो कागद वाचत होती. दादा जाऊन तिच्याजवळ बसला. मी भांडी आवरली, ठकीची सुई फ्रिजमधून काढून ठेवली, परत आले, तरी आई वाचतच होती. जेमतेम दहा ओळींचं पत्र, त्याला एवढा वेळ. शिवाय डोळे सारखे पुसत होती. नंबर वाढलाय तिचा. उद्या कारखान्यात नेऊन तपासून घेते.